यार्ड भरलं की नव्वद दिवस

संपादकांनी आखातातल्या आठवणी लिहून द्या म्हणून फोन केला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की माझ्याकडे उंट नाहीत, वाळूचं वादळ नाही आणि सोन्याच्या बाजाराशी माझा संबंध मंगळसूत्र गाठवून घेण्यापुरता. मी बावीस वर्षं बुर दुबईत, अल मनखूलच्या एका टायपिंग सेंटरमध्ये खुर्ची उबवली. इथे सरकारदरबारचा प्रत्येक अर्ज ठरलेल्या साच्यात भरावा लागतो आणि तो भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडे कोर्टाबाहेर छत्री लावून टायपिंगवाले बसतात ना, त्यांचाच हा एसीत बसणारा चुलतभाऊ. व्हिसा, भाडेकरार, बाळाचा पासपोर्ट, सगळं आमच्याकडे. गिऱ्हाईक केरळचं असो की कराचीचं, मला सगळे ताईच म्हणत.

शेवटची काही वर्षं माझ्या टेबलावर नोकरी-विम्याचे दावे येत. म्हणजे लोकांची नोकरी गेली की माझं काम सुरू. माझा मुलगा म्हणायचा, "आई, यू आर द ओन्ली पर्सन हूज बिझनेस इज गुड.” मी त्याला गप्प बसवायची, पण खोटं नव्हतं ते.

हा विमा काय आहे ते सांगते, कारण इथे राहणाऱ्यांनाही तो नीट माहीत नसतो. नोकरीत असलेल्याने महिन्याला पाच दिऱ्हम भरायचे, सव्वाशे रुपये धरा. पगार मोठा असेल तर दहा. वर्षभर भरले आणि मग मालकाने कामावरून कमी केलं, तर मूळ पगाराच्या साठ टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. स्वतः राजीनामा दिलेला चालत नाही. गैरवर्तनावरून काढलेलं चालत नाही. नोकरी संपल्यावर तीस दिवसांच्या आत अर्ज हवा, आणि नवी नोकरी लागली की पैसे बंद. मूळ पगार ही काय चीज आहे, हे बऱ्याच जणांना माझ्या टेबलावर पहिल्यांदा कळायचं. गावाकडे दहा हजार दिऱ्हमवाला म्हणून मिरवणाऱ्याचा मूळ पगार पाचच निघायचा, उरलेलं घरभाडं आणि गाडीभत्ता. मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होई.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची. एक कोल्हापूरचा गडी आला आणि म्हणाला, "ताई, मला काढायला लावायचं असेल तर काय करावं लागतं?" त्याला तीन महिन्यांच्या पैशांत वडापावची गाडी टाकायची होती. मी म्हटलं, बाबा, हे भांडवल नव्हे, ही काठी आहे, पडलास तर उठायला. तो नाराज होऊन गेला. पुढे त्याने नोकरी सांभाळूनच बायकोच्या नावावर खानावळ काढली, आणि ती चालतेही आहे. मी तिथे जाऊन खाऊन आले. मिसळ बरी आहे, तर्री फार.

दुसरे एक पुण्याचे गृहस्थ. नोकरी गेली ती गणपती बसायच्या आदल्या दिवशी, आणि माझ्याकडे आले ते पौर्णिमा उलटल्यावर. कागद सगळे व्यवस्थित, पण अर्ज भरायला तयार नाहीत. "पितृपक्षात नवीन काहीही सुरू करत नाही आम्ही. घटस्थापनेला करू.” मी परोपरीने सांगितलं की अहो, बेकारीला कसला मुहूर्त बघताय? ते हसले आणि गेले. पितृपक्ष सरला, घटस्थापनेला त्यांच्या घरी पाहुणे आले, मग दसऱ्याचा दिवस शुभ म्हणाले, आणि दसऱ्याला नवा सदरा घालून आले तेव्हा मुदत उलटून गेली होती. पूर्वज तृप्त झाले असतील, पण तीन महिन्यांचे पैसे गेले. मला अजून त्याची चुटपुट लागून आहे. आपल्या माणसाला हात धरून खुर्चीत बसवता येत नाही, एवढंच खरं.

पण आपल्या मराठी नोकरदाराची खरी चूक वेगळीच. ती मी इतक्यांदा पाहिली की दारातून शिरणाऱ्याची मान बघूनच मला अंदाज यायचा. आपल्याला नोकरी "सोडली" म्हणायला आवडतं, "काढून टाकलं" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. मग कंपनीने नुसतं सुचवायचा अवकाश, हे आपणहून राजीनामा लिहून देतात, वर आभारही मानतात. आणि राजीनामा दिला की विमा खलास.

संजय पाटणकर तसेच आले. एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे इमारतीत किती सिमेंट, किती सळई, किती खर्च याचा हिशेब करणारे. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर, बायको अनघा, आणि मुलगी इरा दहावीत. सप्टेंबरचे दिवस होते. बांधकामाच्या धंद्यात त्या सुमाराला मंदी आली होती, एकेका साइटचं काम थांबत होतं. पाटणकर आले ते मुलीच्या व्हिसाची चौकशी करायला. वडिलांची नोकरी गेली की व्हिसा जातो आणि त्याला टेकलेल्या सगळ्यांचा जातो. पुढे थोडी सवलतीची मुदत असते, पण तिच्या भरवशावर किती दिवस काढायचे? बोर्डाचा फॉर्म दुबईच्या शाळेतून भरलेला, परीक्षा मार्चपर्यंत चालणार. आता मध्येच पुण्याची शाळा कोण घेणार? पोरीचं वर्ष जाणार होतं.

बरोबर इरा होती. मला म्हणाली, "आंटी, आर वी गोइंग बॅक बिफोर माय बोर्ड्‌स?"

मी म्हटलं, "अगं, बाबांना आधी बोलू दे.” मग त्यांना विचारलं, "काढलं की सोडली?"

पाटणकरांनी खांदे ताठ केले. "सोडली. आज सकाळीच राजीनामा दिला. एचआरचे वर्गीस फार सज्जन आहेत. म्हणाले, रेकॉर्ड क्लीन राहील, पुढच्या कंपनीत प्रश्न नको.”

"म्हणजे त्यांनी लिहायला सांगितलं?"

"सुचवलं. चांगल्या भावनेने.”

"त्यांनी तो मंजूर करून पुढे पाठवला का?"

"उद्या पाठवणार.”

मी सांगितलं की तो कागद परत घ्या, नाहीतर तीन महिन्यांवर पाणी सोडा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग इराला पाणी प्यायला पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, सांगलीला आमच्या नानांना मी कागदावर काय दाखवू? त्यांनी चाळीस वर्षं एकाच शाळेत नोकरी केली. मुलाला काढून टाकलं म्हणून सांगू?"

मी जरा फटकळ आहे. म्हटलं, "नानांना काहीही सांगा. पण इराला काय सांगणार आहात, ते मला आत्ता सांगा.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर अल क्वोजला, त्यांच्या कंपनीत गेले. माझं ते काम नव्हे, पण वर्गीस मला ओळखत होते, त्यांच्या कामगारांचे अर्ज वर्षानुवर्षं आमच्याकडेच येत. त्यांचं ऑफिस कंपनीच्या यार्डाला लागून. गोदामांची रांग, मध्ये मोठं मोकळं आवार, आणि धूळ इतकी की साडीच्या निऱ्या झटकत आत गेले.

वर्गीस साठीला आलेले, केरळचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी चहा मागवला. मी विषय काढला तसे ते खरोखर दुखावले. "मॅडम, मैं तो अच्छे के लिए बोला. पहले का टाइम में टर्मिनेशन लिखा तो दूसरा कंपनी डरता था. मैंने कितना आदमी को ऐसे बचाया.”

ते खोटं बोलत नव्हते. विमा येण्याआधी राजीनामा लिहून देणं हाच चांगुलपणा होता, आणि सवय कायद्याच्या मागून रमतगमत येते. मी नवा नियम समजावला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, ड्रॉवर उघडला, राजीनाम्याचा कागद पाटणकरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "संजय, ये फाड दो. मैं लिखता है, काम खतम हो गया इसलिए पोस्ट बंद. तुम्हारा गलती का बात ही नहीं.”

पाटणकरांनी कागद फाडला नाही, नीट घडी घालून खिशात ठेवला. एवढा मान तरी राहू दे, असं असावं.

आता नोटीस किती दिवसांची, हा प्रश्न होता. करारात तीसपासून नव्वदपर्यंत जागा होती. कंपन्या तीस देऊन मोकळ्या होतात. वर्गीस उठले आणि खिडकीशी गेले. बाहेर आवारात परांच्यांचे लोखंडी पाइप, फळ्या, शटरिंगच्या प्लेटा यांचे ढीग एकमेकांना टेकून उभे होते, रस्त्यापर्यंत आलेले.

"मॅडम, ये देखो. माल साइट पे रहता है तब यार्ड खाली. यार्ड खाली तो मैं तीस दिन देता है, क्योंकि आदमी को दूसरा काम जल्दी मिलेगा. यार्ड भर गया मतलब सबका साइट बंद, किधर जाएगा आदमी? तब नब्बे.”

मी विचारलं, "और मालिक?"

"मालिक को बोलेगा, फायनल मेजरमेंट बाकी है, संजय को रखना पड़ेगा. बाकी है भी. झूठ नहीं बोलता मैं.”

त्यांनी नव्वद दिवस लिहिले. मी मनात बोटं मोजली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पगार, मग विम्याचे तीन महिने, म्हणजे मार्चचा मध्य. व्हिसाची सवलतही तिथवर पुरत होती. इराचा शेवटचा पेपर त्याच आठवड्यात. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, चहा मात्र दुसऱ्यांदा घेतला, आणि तो फार गोड होता.

आता यातली एक गंमत. आमच्या सेंटरची मालकी इथल्याच एका कुटुंबाची, आणि त्यांची मुलगी मरियम युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकत होती. दुपारी येऊन माझ्या शेजारी बसायची. तिला त्या सत्रात निबंध लिहायचा होता, तो नेमका याच विषयावर. काही देशांत म्हणे बेकारीचं प्रमाण चढलं की भत्त्याची मुदत आपोआप वाढते आणि उतरलं की कमी होते. ते इथे दुबईत करावं का?

मी म्हटलं, करावं म्हणजे काय, करायलाच हवं. बरे दिवस असले की माणूस माझ्या टेबलावर एकदा येतो, पुढच्या महिन्यात फोनवर सांगतो की लागली नोकरी. वाईट दिवसांत तोच माणूस तिसऱ्यांदा येतो आणि माझ्याकडे न बघता बसतो. दोघांना तीनच महिने, हा कुठला न्याय?

मरियम हुशार पोरगी. म्हणाली, "ताई, हबीबी, बट व्हिच नंबर? हिअर, व्हेन अ पर्सन लूजेस हिज जॉब, ही गोज होम.” बेकार माणूस आकड्यात धरला जाण्याआधीच विमानात बसतो. म्हणून आकडा कधी फारसा चढतच नाही. मग मुदत बांधायची कुठल्या आकड्याशी? शिवाय, ती म्हणाली, महिन्याच्या पाच दिऱ्हममध्ये मंदीत सगळ्यांना सहा-सहा महिने कुठून देणार? हा दुसरा प्रश्न मी तिच्याच वहीत राहू दिला. पहिल्यासाठी मी तिला वर्गीसांचं यार्ड सांगितलं. ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मग गंभीर झाली आणि मला म्हणाली, चल, मला ते दाखव. आम्ही खरंच गेलो. तिने काळ्या अबायाला धूळ लागू न देता सगळं यार्ड पालथं घातलं आणि वर्गीसांना तासभर प्रश्न विचारले. निबंधात शेवटी काय लिहिलं ते तिने मला सांगितलं नाही, पण प्राध्यापकांनी तिला दोनदा बोलावून घेतलं एवढं कळलं.

पाटणकर जानेवारीत आले, फेब्रुवारीत आले. पहिल्या वेळी इस्त्रीचा शर्ट, मुलाखतींची लांबलचक यादी सांगत होते. दुसऱ्या वेळी यादी आखूड झाली. अनघाने शेजारच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या, गाडी विकली होती. मार्चमध्ये आले तेव्हा म्हणाले, "ताई, पुण्याची तिकिटं काढलीत. इराचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी. इन्शाल्ला, पेपर तरी होतील.” तिसरा हप्ता जमा झाला त्या दिवशी मी देवाला साखर ठेवली. नोकरी नव्हती, पण पोरीचं वर्ष वाचलं होतं. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी त्यांना रास अल खैमाहच्या एका कंपनीतून फोन आला. तिकिटं रद्द झाली. मला कळवायला ते आले नाहीत, इराचा फोन आला. "आंटी, बाबा इज क्रायिंग, सो आय ॲम कॉलिंग.” मग पोरगी मराठीत म्हणाली, "थँक यू हं.” तेवढ्या त्या मराठी 'हं'नेच मी दिवसभर हवेत होते.

इथवर गोष्ट गोड झाली. पण यार्ड काही रिकामं झालं नाही. उन्हाळ्यात वर्गीसांची कंपनीच बंद झाली. एक दिवस दुपारी दार उघडून वर्गीस आत आले. कागदांची पिशवी छातीशी धरलेली, खिशात दोन पेनं. रांगेत उभे राहिले. मी पुढे बोलावलं तरी येईनात.

त्यांचा नंबर आला तेव्हा मी कागद बघायला घेतले. त्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना, ड्रायव्हरपासून अकाउंटंटपर्यंत, नव्वद दिवसांची नोटीस दिली होती. शेवटची नोटीस त्यांनी स्वतःची लिहिली, मालकाने फक्त सही केली. ती तीस दिवसांची होती.

मी म्हटलं, "वर्गीससाब, ये क्या? यार्ड तो भरा है.”

ते ओशाळले. "मॅडम, दूसरों का लिखना आसान है. खुद के लिए नब्बे कैसे लिखेगा? मालिक के पास पैसा भी नहीं बचा था.”

मी तोंड स्क्रीनकडे फिरवून अर्ज भरला. मग पाटणकरांना फोन लावला आणि वर्गीस समोर बसलेत एवढंच सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, "बसवून ठेवा, मी निघालो.” रास अल खैमाहहून बुर दुबई म्हणजे काही कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. आले तेव्हा अंगात साइटचं जॅकेट तसंच होतं. दोघांनी हात मिळवला, आणि पाटणकरांनी विचारलं, "सर, सीव्ही लाए हैं?"

सीव्ही नव्हताच. तीस वर्षं दुसऱ्यांचे बघितले, स्वतःचा कधी केला नाही, असं वर्गीस म्हणाले. पाटणकरांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची दिली आणि चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तेव्हा पाटणकर टाइप करत होते आणि वर्गीस पुन्हापुन्हा म्हणत होते, "इतना मत लिखो, संजय.” रांगेतले लोक थांबले होते. कुणीही कुरकुर केली नाही.

बावीस वर्षांत मी किती अर्ज भरले ते मोजले नाहीत. या शहराने मला घर दिलं, मुलाचं शिक्षण दिलं, आणि नोकरी गेलेल्या माणसांत बसवून माणसं दाखवली. त्या खुर्चीची मी ऋणी आहे. मुदत तीनच महिन्यांची राहिली. ती कुठल्या आकड्याशी बांधावी, हे मरियमसारखी शिकलेली पोरं ठरवतील कधीतरी.

वर्गीसांना पहिला हप्ता मिळाला आणि दुसऱ्याच्या आधीच पाटणकरांच्या कंपनीच्या कामगार वसाहतीवर काम मिळालं. त्यांनी सकाळीच फोन केला. "मॅडम, मेरा दो महीना बाकी है. किसी को तीन महीने में भी काम नहीं मिला होगा, मेरा उसको दे दो.”

तसं करता येत नाही, हे मला माहीत होतं. तीस वर्षं एचआरमध्ये काढलेल्या माणसालाही माहीत असणारच.

मी म्हटलं, "हां साब, दे दूंगी.”